पूर्व डावीकडे

खिळेमामांच्या हातून चूक बाहेर जात नाही, असं गल्लीतले सगळे म्हणत. निम्मे कौतुकाने म्हणत आणि निम्मे कंटाळून. छापखान्यात त्यांनी पहिली वीस वर्षं शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली, म्हणून हे नाव. पुढे खिळे गेले, नवं मशीन आलं, मालकी पुतण्याकडे गेली, आणि मामा प्रूफं तपासायला खिडकीजवळच्या टेबलाशी बसले ते आजतागायत तिथेच. लाल पेन मात्र टेबलावर राहत नसे, ते शर्टाच्या खिशातून त्यांच्याबरोबर गावभर फिरे. लग्नाला गेले की आधी पत्रिकेतल्या चुका मुलीच्या बापाला दाखवायच्या आणि मग नवरा-नवरीला भेटायला जायचं, हा त्यांचा क्रम. बायकोने सामानाची यादी लिहून ठेवली की ती संध्याकाळी लाल होऊन परत मिळे, आणि सामान दुसऱ्या दिवशी.

छापखान्यात त्यांनी एक नियम केला होता आणि तो भिंतीवर रंगवून घेतला होता: पाहिलं आणि सोडलं, तर चूक तुमची. म्हणजे जुळवणाऱ्याच्या हातून चूक होणारच, त्याला माफी आहे. पण ज्याच्या नजरेला ती पडली आणि जो गप्प बसला, त्याची खैर नाही. या नियमापायी एका बाइंडरने नोकरी सोडली होती आणि पुतण्याने दोनदा सोडायची धमकी दिली होती. पण छापखाना त्याचाच असल्यामुळे जाणार कुठे, हा प्रश्न होता.

मामांच्या बायकोला सगळे सिस्टर म्हणत. छत्तीस वर्षं त्या मोठ्या रुग्णालयात नर्स होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा रात्रपाळ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वऱ्हांड्याच्या टोकाला एक खिडकी होती. दोनची औषधं देऊन झाली की चारच्या फेरीपर्यंत सिस्टर त्या खिडकीशी उभ्या राहत. पाय मोडून पडलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्यांना पहिली पाच ताऱ्यांची नावं शिकवली. तो बरा होऊन घरी गेला, आणि पुढचं आकाश सिस्टरांनी एकटीने पाठ केलं. कुठला तारा कुठल्या महिन्यात कितीच्या फेरीला खिडकीत येतो, हे त्यांना रोग्यांच्या तापासारखं तोंडपाठ होतं.

या दोघांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने पेन्सिलने दोन रकाने आखलेले होते. डावा सिस्टरांचा, उजवा मामांचा. ज्याची चूक होईल त्याच्या रकान्यात एक रेघ. लग्नाच्या पहिल्या वर्षी गंमत म्हणून सुरू झालेली ही भानगड अजून चालू होती. डावीकडे एक्केचाळीस रेघा होत्या आणि उजवीकडे तीन. त्या तिनांतलीही एक मामांना मान्य नव्हती, तिच्याशेजारी त्यांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर सिस्टरांच्या डोक्याने एक घेतलं. आपल्याला जे एका खिडकीतून मिळालं ते चार लोकांना दाखवायचं. घराच्या गॅलरीतून आकाशाची एक पट्टी दिसे, आणि त्या पट्टीच्या मधोमध फोनच्या टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा. म्हणजे तिथे काही होण्यासारखं नव्हतं. त्या भागात सगळ्यात उंच आणि सगळ्यात अंधारी जागा एकच होती, सार्वजनिक वाचनालयाची गच्ची. तिला कुलूप होतं, आणि किल्ली ग्रंथपालांच्या खणात.

ग्रंथपालांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा सिस्टर गेल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि म्हणाले, "एक संध्याकाळ देतो. मी स्वतः वर येऊन बसेन. लोकांना काही दिसलं, तर दर महिन्याला किल्ली तुमच्या हातात. लोक मान दुखवून, हिरमुसून खाली आले, तर मात्र पुन्हा विचारायचं नाही."

सिस्टर घरी आल्या त्या दिवशी त्यांनी चहात दोनदा साखर घातली. मामांनी ती रेघ ओढली नाही, कारण बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांचा हात धजला नाही. एवढ्या वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून असं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी सिस्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. हिवाळाभर बसून स्वतः काढलेला आकाशाचा नकाशा. मोठं वर्तुळ, आत टिंबं, टिंबांना नावं.

"चाळीस प्रती हव्यात. कागद पातळ घ्या, घडी करून खिशात मावेल असा. आणि अहो, आहे तसा छापा."

"मी काय नसतं तसं छापतो का?"

सिस्टरांनी नुसतं कपाटाच्या दाराकडे पाहिलं.

छापखान्यात टेबलावर कागद पसरला आणि मामांची नजर सवयीने आधी कडांवर गेली. वर उत्तर, ठीक. खाली दक्षिण, ठीक. डावीकडे पूर्व. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पूर्व डावीकडेच होती आणि पश्चिम उजवीकडे. जन्मात त्यांनी शेकडो नकाशे तपासले होते. जिल्ह्यांचे, नद्यांचे, शाळेच्या पुस्तकांतले. पूर्व कधी उजवी बाजू सोडून हलली नव्हती.

चूक कशी झाली असेल हेही त्यांनी लगेच ताडलं. बाईसाहेबांनी कुठल्यातरी पुस्तकावरून पारदर्शक कागदावर चित्र उतरवून घेतलं, तो कागद उलटा पडला, आणि वरून नावं सरळ लिहिली. नवशिक्या माणसांचं हे नेहमीचंच. मामा मिशीतल्या मिशीत हसले. एक्केचाळिसाचे बेचाळीस होणार होते, आणि तेही तिच्या लाडक्या आकाशात.

आता सरळ घरी जाऊन सांगता आलं असतं. पण मग तिने चूक सुधारली असती, आणि मजा राहिली असती कुठे? मामांनी ठरवलं की नकाशा गुपचूप दुरुस्त करायचा. त्या संध्याकाळी सगळ्या मंडळींच्या देखत, ग्रंथपालांच्याही देखत, हात मागे बांधून अगदी साधेपणाने म्हणायचं, एक बारीकशी गफलत होती हो, केली ठीक. यात खोडी होती, पण नुसती खोडी नव्हती. आपण वेळेवर पाहिलं म्हणून बायकोची फजिती टळली, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दोन दुपारी ते त्या कामाला बसले. नकाशा पारदर्शक कागदावर उतरवला, तो कागद पालथा केला, आणि एकशे आठ टिंबं पुन्हा नव्याने दिली. मोठा तारा तिथे मोठं टिंब, लहान तिथे लहान. नावांसाठी जुन्या लाकडी खणांतले बारीक खिळे बाहेर काढले, नावं जुळवली, छाप घेतला, कात्रीने एकेक नाव कापलं आणि चिमट्याने जागच्या जागी चिकटवलं. पूर्व उजवीकडे गेली, पश्चिम डावीकडे, आणि मामांचा जीव भांड्यात पडला.

पुतण्या येऊन बघून गेला. "काका, आहे तसा झेरॉक्स मारला असता तर पाच मिनिटांत झालं असतं."

"म्हणून तर तू मालक आहेस आणि मी प्रूफं बघतो," मामा म्हणाले.

चाळीस स्वच्छ प्रती निघाल्या. सुरुवातीचे सहा-सात कागद शाईने माखले होते. छापखान्यातले वाया गेलेले कागद मामा नेहमी घरी आणत आणि सिस्टर ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरत. या वेळी रविवारी सकाळी मामांनी स्वतःच फळ्या रिकाम्या केल्या, कागद छापील बाजू खाली करून अंथरले आणि वर कपबश्या परत मांडल्या. काम इतकं निगुतीने केलं की कोणाला संशय येणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

ती संध्याकाळ उजाडली म्हणा किंवा मावळली म्हणा, पण आकाश निरभ्र होतं. तीस-पस्तीस माणसं जिने चढून वर आली. सिस्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाने टॉर्चच्या तोंडाला लाल कागद रबराने बांधून आणला होता. वाचनालयाच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई आल्या होत्या, त्यांनी लाल अस्तराचा तुकडा वापरला होता. पहिल्या फेरीची बस चालवणारे ड्रायव्हर आले होते. ग्रंथपालांनी वाचनकक्षातली खुर्ची वर आणवून घेतली होती आणि ते किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडवत बसले होते.

मामा पाण्याच्या टाकीशी उभे होते. काखेत सुतळीने बांधलेला गठ्ठा, आणि खिशात बायकोचा मूळ कागद, पुराव्यासाठी.

सिस्टर बोलायला लागल्या. वॉर्डात नव्या मुलींना सांगत तशाच सावकाश आणि स्पष्ट.

"पहिली गोष्ट, मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधार ओळखायला वीस मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाइल बघितला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेड चालतो. दुसरी गोष्ट, सगळं आकाश एका दिवसात शिकायचं नाही. आज चार नावं घेऊन घरी जायचं. आणि तिसरी गोष्ट, नकाशा. तो टेबलावर ठेवून वाचायचा नाही. डोक्यावर धरायचा आणि खालून बघायचा. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, आकाशाचा खालून. म्हणून यात पूर्व डावीकडे असते. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला ती चूक वाटते."

शेवटचं वाक्य त्या पाण्याच्या टाकीकडे बघून म्हणाल्या.

मामांनी खिशातून मूळ कागद काढला आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून टाकीच्या आड डोक्यावर धरला. तोंड दक्षिणेला. कागदावरची पश्चिम उजव्या हाताला आली, आणि उजव्या हातालाच तासाभरापूर्वी सूर्य बुडाला होता, तिथे अजून थोडी लाली होती. मग गठ्ठ्यातला एक नवा कागद ओढून तसाच धरला. त्यातली पूर्व नेमकी त्या लालीवर जाऊन पडली. दोन दुपारी, एकशे आठ टिंबं, चिमटा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. चाळीस वर्षांत त्यांनी कधी बरोबर असलेली गोष्ट चुकवली नव्हती. ती नेमकी आज चुकवली, आणि तीही चाळीस प्रतींत.

"अहो, नकाशे वाटा ना," सिस्टर म्हणाल्या.

"नकाशे... ते बहुतेक छापखान्यातच राहिले."

"मग काखेत काय आहे?" ड्रायव्हरांनी विचारलं. माणूस मदतीला तत्पर. त्यांनी गठ्ठा मामांच्या काखेतून काढून घेतला, सुतळी सोडली आणि बसमधली तिकिटं वाटावीत तसे भराभर वाटून टाकले.

पस्तीस लाल टॉर्च लागले. पस्तीस माना वर झाल्या, खाली आल्या, परत वर झाल्या. आपल्यालाच जमत नाही असं प्रत्येकाला वाटत होतं.

"तीन तारे एका ओळीत दिसले का सगळ्यांना? तिथे, उंचावर," सिस्टरांनी विचारलं. ते सगळ्यांना दिसले. "ते मृगाचे. आता ती ओळ खाली वाढवा. नकाशात बघा, कुठे जाते."

"खाली उजवीकडे," शिंपीणबाई म्हणाल्या. "व्याध लिहिलंय. पण तिथे तर टाकी आहे."

ड्रायव्हरांनी कागद फिरवला, स्वतः फिरले, परत कागद फिरवला. "सिस्टर, एक विचारू का? मी बावीस वर्षं सकाळची पहिली फेरी मारतोय. पूर्वेचं ऊन डोळ्यांत घेऊन. पूर्व तिकडे आहे, शाळेच्या बाजूला. हा कागद म्हणतोय ती टाकीच्या बाजूला."

कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं. दोघं-तिघं जिन्याकडे बघायला लागले. ग्रंथपालांनी दोरा गुंडाळणं थांबवलं आणि किल्ली मुठीत धरली.

सिस्टरांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. मामांना वाटलं, घसा कोरडा पडला असेल, पाण्याची बाटली शोधत असेल. थोड्या वेळाने परत घातला, परत रिकामा काढला. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका रेघेसाठी, कपाटाच्या दारावरच्या एका पेन्सिलीच्या रेघेसाठी, आपण हिची किल्ली घालवली, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की पुढे होऊन सगळ्यांसमोर सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात समोर ड्रायव्हरांनी कागद तोंडापुढे धरला आणि नीट दिसावं म्हणून टॉर्च त्याच्याजवळ नेला. मामा पलीकडच्या बाजूला होते. पातळ कागद, त्याच्या आरपार लाल उजेड. कोऱ्या बाजूने त्यांना अख्खा नकाशा दिसला. मृग. रोहिणी. व्याध. त्यांनी नावं वाचली आणि वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अक्षरं उलटी होती. त्यांना ते आधी जाणवलंच नव्हतं, कारण शिशाचे खिळे उलटेच असतात आणि वीस वर्षं त्यांनी ते तसेच वाचले होते. मग त्यांनी कडा पाहिल्या. या बाजूने पूर्व डावीकडे होती.

"कागद पालथा करा," मामा म्हणाले. मशीनच्या खडखडाटात ऐकू जावा असा त्यांचा छापखान्यातला आवाज होता, सगळे वळले. "छापील बाजू आकाशाकडे, कोरी बाजू आपल्याकडे. आणि टॉर्च कागदाच्या मागून धरा. हा नकाशा मागून बघायचा असतो. म्हणजे उजेड कागदातून गाळून येतो, डोळ्यांना त्रास नाही."

एवढं खोटं ते इतक्या साळसूदपणे आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते.

कागद पालथे झाले. टॉर्च मागे गेले. गच्चीभर लाल वर्तुळं उमटली.

"आता ओळ खाली डावीकडे जातेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "अगंबाई, तो काय ठळक आहे. कापडाची खूण मीसुद्धा अशीच मागून बघते."

"पूर्व जागेवर आली," ड्रायव्हर म्हणाले, आणि त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

ग्रंथपाल मात्र ग्रंथपाल होते. कागद डोळ्यांशी नेऊन ते म्हणाले, "पण ही नावं उलटी दिसताहेत. वाचता येत नाहीत."

एवढ्या लवकर दुसरं खोटं सुचण्याइतका मामांना सराव नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सिस्टरांचा हात पुन्हा पिशवीत होता. तो त्यांनी बाहेर काढला, पदर खोचला आणि पुढे आल्या.

"उलटीच दिसणार, साहेब. नाव वाचता आलं की माणूस वर बघत नाही, कागदच वाचत बसतो. नावं सांगायला हे आहेत. अहो, सुरुवात ड्रायव्हरसाहेबांपासून करा. प्रत्येकाकडे जा. चार-चार नावं."

असे मामा कामाला जुंपले गेले. पस्तीस माणसं. प्रत्येकाच्या शेजारी उभं राहायचं, पालथ्या कागदावर बोट ठेवायचं, उलटं नाव सुलट वाचायचं. मृग. खाली डावीकडे व्याध, पांढराशुभ्र. वर उजवीकडे रोहिणी, जरा तांबूस. आणखी उजवीकडे कृत्तिका, हा छोटासा पुंजका. ड्रायव्हरांना कृत्तिकांमध्ये सात तारे दिसले, शिंपीणबाईंना सहा. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. ग्रंथपालांना मध्यस्थीला बोलावलं, तर ते उभे राहून बराच वेळ मोजत राहिले आणि त्यांनी निकाल राखून ठेवला.

आठ माणसं होईपर्यंत मामांची नजर कागदावरच होती. वर बघायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. नववी एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, "बोट कागदावर नको ठेवू बाबा, तिकडे वर दाखव." म्हणून मामांनी हात वर केला आणि हाताबरोबर मान.

व्याध तिथे होता. जिथे त्यांनी चिमट्याने नाव चिकटवलं होतं, अगदी तिथे. वर रोहिणी. तिच्या बाजूला ती बारीक बारीक टिंबं, जी देताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. मामांनी कागद आणि आकाश एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली, प्रूफ बघतात तसं, एकेक ओळ घेऊन. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. कुठे एक टिंब इकडचं तिकडे नव्हतं. लाल पेनाला कामच नाही असं प्रूफ त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते खाकरले. म्हातारी म्हणाली, "सर्दी होईल, मफलर घे."

साडेआठला सिस्टरांनी थांबवलं तेव्हा कोणी खाली जायला तयार नव्हतं. ग्रंथपाल शेवटी उठले. मान चोळत होते, पण हिरमुसलेले दिसत नव्हते.

"ही पालथ्या नकाशाची कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

"यांचीच," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या नकाशाला हात लावायची हिंमत दुसऱ्या कोणाची असणार?"

ग्रंथपाल हसले. मामा हसले नाहीत. किल्ली दोऱ्यासकट सिस्टरांच्या हातावर पडली. "पुढच्या महिन्यातही नावं उलटीच ठेवा," ग्रंथपाल म्हणाले. "आणि यांना घेऊन या."

घरी जाताना सिस्टर किल्ली मुठीत धरून पुढे चालत होत्या आणि मामा त्यांची पिशवी घेऊन मागे. नकाशाला हात लावायच्या मघाच्या त्या वाक्यात काहीतरी त्यांना टोचत होतं. पिशवीही कापडी पिशवीच्या मानाने जड होती. स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर त्यांनी पाण्याची बाटली काढायला आत हात घातला. बाटली नव्हतीच. रबर लावलेला कागदांचा गठ्ठा होता. मूळ नकाशाच्या झेरॉक्स. पूर्व डावीकडे. चाळीस असणार, मोजायची गरज नव्हती.

"हे काय?"

"नकाशे. आहे तसे."

"कधी काढलेस?"

"सोमवारी, तुम्हाला देण्याआधी काढून ठेवलेल्या प्रतीवरून. रविवारी तुम्ही फळ्यांवर कागद अंथरलेत." सिस्टरांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी अंथरला होतात का? मला वाटलं, बरं नाही की काय. म्हणून कपबश्या काढून बघितलं. पातळ कागद, मागून सगळं दिसत होतं. माझं आकाश जसंच्या तसं, फक्त अक्षरं उलटी."

मामा खुर्चीवर बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मामांनी विचारलं, "आणि वर? लोक कुरकुरत होते तेव्हा? पिशवीत हात घालत होतीस आणि काढत होतीस. माझा जीव जायची वेळ आली होती."

"दोनदा काढणार होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, कागद पालथा करा. म्हटलं, बघू हे काय करतात." सिस्टर त्यांच्यासमोर बसल्या. "आणि मग तिसऱ्यांदा, साहेब नावं उलटी म्हणाले तेव्हा. तेव्हा काढलेच असते. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अहो, छत्तीस वर्षं मी रात्रपाळीहून येऊन तुम्हाला सांगत आले, आज हे दिसलं, आज ते दिसलं. तुम्ही चहा घेत पेपरातल्या चुका शोधत असायचात. मला वाईट वाटायचं, कधी बोलले नाही. आज म्हटलं, कागद बदलले तर हा माणूस टाकीशीच उभा राहील. नाही बदलले तर पस्तीस वेळा वर बघावं लागेल."

मामांनी उगाच टेबलावरची मिठाची वाटी सरळ केली.

सिस्टर उठल्या. त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि दोरीला टांगलेली पेन्सिल सोडवून मामांच्या हातात दिली. "ओढा. मी पाहिलं आणि सोडलं. तुमच्याच नियमाने चूक माझी. बेचाळीस."

मामा पेन्सिल घेऊन दारासमोर उभे राहिले. दोन दुपारी ज्या रेघेची वाट पाहिली ती हातात होती, आणि द्यायला बायको स्वतः तयार होती. त्यांनी डावा रकाना पाहिला. मग उजव्या रकान्यात, प्रश्नचिन्हाच्या खाली, एक रेघ ओढली. चांगली ठसठशीत.

"आणि नियम?"

"नियम छापखान्यातला," मामा म्हणाले. "हे घर आहे."

सिस्टरांनी खिडकीकडे तोंड करून डोळे टिपले आणि विचारलं, "चार नावं पाठ झाली का तरी? की नुसती वाचून दाखवलीत?"

मामांना हा अपमान वाटला. ते तडक गॅलरीत गेले, दोन्ही हात कठड्यावर ठेवून मान वर केली आणि बराच वेळ शोधत राहिले. सिस्टर मागून येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मामांनी आठवून पाहिलं. उजवीकडे. वर. तांबूस.

"ती बघ," त्यांनी बोट दाखवलं. "रोहिणी."

बोट फोनच्या टॉवरच्या टोकावर होतं, नेमकं त्या लाल दिव्यावर.

सिस्टरांनी बोटाच्या दिशेने पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि सोडून दिलं.